सावरवाडीची खुंटी

एक नदी दोन देशांतून वाहत असेल तर तिचं पाणी कुणी किती घ्यायचं, याच्या बैठकांना मी तीन वर्षं बसलो आहे. आफ्रिकेतल्या एका नदीसाठी तशी संयुक्त समिती होती आणि आपल्या सरकारनं मला तिथं भूजलाचा जाणकार म्हणून उसना दिला होता. खुर्च्या कशा मांडायच्या यावरच तिथं अर्धा दिवस जायचा. त्या बैठकांत मी एक गोष्ट शिकलो आणि तिचा मला मोठा अभिमान होता. आपल्याकडे कुणाला बोट दाखवता येऊ नये, असं वागायचं. कुणाच्याही बाजूला झुकायचं नाही, आपल्या माणसांच्या तर मुळीच नाही.

परवाच्या दुष्काळात कामानिमित्त नांदेड-लातूरकडे आठवडाभर जाऊन आलो. तिकडे न गेलेले पुण्यातले स्नेही विचारतात, दुष्काळ कसा दिसतो? त्यांना मी भेगाळलेल्या जमिनीबद्दल काहीतरी सांगून टाकतो. खरं सांगायचं तर मला त्या आठवड्यात दुष्काळापेक्षा मीच जास्त दिसलो, आणि जे दिसलं ते फारसं देखणं नव्हतं.

नांदेड

तेस्फाये माझ्या आधी येऊन स्टेशनावर बसला होता. हा इथिओपियाचा भूशास्त्रज्ञ, त्या समितीतला माझा सोबती. उंच, सावकाश बोलणारा, आणि चारचौघांत कुणालाही खोडून न काढणारा. त्याच्या देशातले डोंगर आपल्यासारख्याच काळ्या पाषाणाचे आहेत आणि दुष्काळ आपल्याहून थोरला. म्हणून दोन्ही सरकारांनी एक काम ठरवलं होतं. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. त्यातल्या एका गावात आम्ही दोघांनी जमीन मोजायची, एक जागा निवडायची, तिथं बोअर घ्यायची आणि जे होईल ते लिहून कळवायचं. पद्धत पटली तर तीच पुढं त्याच्याकडच्या कोरड्या पट्ट्यात वापरायची. नियम कडक होता. मोजणीच्या वह्या दोन, दोघांनी आपापल्या लिहायच्या, आणि अहवालावर दोन सह्या.

जीपचे ड्रायव्हर गफूरभाई आम्हाला आधी गोदावरीवर घेऊन गेले. पाहुण्याला नदी दाखवायची म्हणून. नदी कसली, वाळूच होती. वाळूत बायकांनी हात-हात खोल झिरे खणले होते आणि वाटीनं पाणी घागरीत भरत होत्या. तेस्फाये उतरला, एका झिऱ्यापाशी उकिडवा बसला आणि सवयीनं पाण्याची खोली बघायला त्यानं बोट आत घातलं.

"बोट काढा," झिऱ्यावरची बाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आता घंटाभर बसावं लागंल मला, गाळ खाली जाईपर्यंत."

त्याला भाषा कळली नाही, पण त्यानं बोट काढलं आणि दोन्ही हात छातीशी जोडले. मीच ओशाळलो. जगभर पाणी मोजत हिंडणारे आम्ही दोघं, आणि एका बाईच्या घागरभर पाण्याची माती करून उभे.

दुपारी गुरुद्वारात लंगरला बसलो. शेजारी एक ट्रकवाला होता, पलीकडे कुणी म्हातारी यात्रेकरू. पानात डाळ पडली, रोटी पडली, कुणी नाव विचारलं नाही. तेस्फायेला हे आवडलं. तो म्हणाला, "आमच्यात आडनाव नसतंच. माझं नाव, मग वडिलांचं नाव. संपलं. तुमच्याकडे लोक आडनाव का विचारतात?"

"पत्ता कळायला," मी म्हणालो.

"कसला पत्ता?"

मी रोटीचा तुकडा मोडला आणि डाळ चांगली झाली आहे असं त्याला सांगितलं.

मुदखेड

मुदखेड आमच्या वाटेवर नव्हतं, उलट्या दिशेला होतं, पण तिथं माझी थोरली बहीण आहे. इतक्या जवळ येऊन तिला न भेटता गेलो असतो तर तिनं जन्मभर ऐकवलं असतं. आमचे वडील त्या जंक्शनावर गँगमन होते. छप्पन साली घरातले देव गेले आणि भिंतीवर बुद्ध आले, तेव्हा मी शाळेत होतो. पुढं मी शिष्यवृत्त्यांवर शिकत गेलो, आक्का मुदखेडलाच राहिली.

आक्कानं ज्वारीची भाकरी, पिठलं आणि कारळ्याची चटणी वाढली. हात धुवायला पाणी न देता ओला पंचा दिला. तेस्फायेच्या देशात यजमान पाहुण्याच्या हातावर तांब्यानं पाणी ओततो, ती मोठी रीत आहे. त्यानं पंच्याकडे पाहिलं, आक्काकडे पाहिलं आणि हात पुसले. भाकरी मोडल्यावर मात्र त्याचा चेहरा उजळला. ही ज्वारी त्याच्या आजोळची. तिला ते माशिला म्हणतात. आणि कारळं तर थेट घरची, त्याचं तेल काढतात आणि त्याला नूग म्हणतात. मग आनंदाच्या भरात त्यानं भाकरी-पिठल्याचा मोठा घास केला आणि शेजारी बसलेल्या माझ्या दाजींच्या तोंडासमोर धरला. त्यांच्याकडे प्रेमाच्या माणसाला असा घास भरवतात. दाजी मागं सरकत सरकत भिंतीला टेकले.

"घ्या की आता," आक्का हसत म्हणाली. "आपल्यात लग्नात तेवढा घास देतेत. तुमचं दुसऱ्यांदा झालं समजा."

दाजींनी डोळे मिटून घास घेतला. त्या आठवड्यात मी मोकळेपणानं हसलो तो तेवढाच.

निघताना आक्का जीपपर्यंत आली. तिच्या गल्लीला टँकर सगळ्यांत शेवटी येतो, हे तिनं जेवताना सांगितलं होतं, आणि टँकरच्या याद्या करणारा कारकून आपल्यातलाच आहे हेही. मी म्हणालो, मग तू त्याला सांगत का नाहीस?

"सांगून काय हुतंय, बापू," ती म्हणाली. "लोक म्हणतेत, वाढपी आपला असला की मागल्या पंगतीला बसलं तरी चालतंय. आपल्याकडं उलटंच हाय. आपला वाढपी लोकाला भेतो, अन् आपल्याच पत्रावळीवर कमी वाढतो."

मी त्या कारकुनाला मनातल्या मनात चार शिव्या दिल्या आणि जीपमध्ये बसलो.

लातूर

लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला पोचलो तेव्हा सगळं गाव डाळमिलच्या पिवळट भुकटीत बसल्यासारखं होतं. जिल्ह्याची कचेरी नवी, पण इमारत, टेबलं आणि पंखे जुने. पाटीवरच्या नव्या अक्षरांखालून जुनी अक्षरं डोकावत होती. सावरवाडीचा कागद मागितला तर तिथल्या भाऊसाहेबांनी दोन कपाटं उघडून परत लावली. (गावाचं नाव मी बदललं आहे. त्या गावाला आता माझ्याकडून आणखी त्रास नको.)

"गाव आमच्याकडं आलंय साहेब, पण गावाचे कागद अजून उस्मानाबादेतच हायेत," ते म्हणाले. "अन् इथला शिक्का बनून यायचाय. तुमी काम करून घ्या, शिक्का मागून मारू."

"आणि बोअरची गाडी?"

"ती एकच हाय. परवा सकाळी तुमच्या गावात. सांजच्याला ती दुसऱ्या तालुक्यात गेली पाहिजे. एक गाव, एक भोक. लागलं तर लागलं."

लागलं नाही तर त्या गावाचा नंबर पुन्हा कधी येईल, असं मी विचारलं. भाऊसाहेबांनी कपाटाला कुलूप लावलं आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

संध्याकाळी तेलबियांच्या बाजारात तेस्फायेनं कारळ्याच्या पोत्यात मूठ घातली, दोन दाणे चावले आणि आडत्याला सांगितलं, आमचं बी असंच. मी भाषांतर केलं. आडत्या म्हणाला, मग तिकडं बी पाऊस न्हाई का? तेस्फायेनं मान हलवली. दोघं एकमेकांकडे बघत राहिले, दोन व्याही मयताला भेटावेत तसे.

सावरवाडी

गाव एका टेकाडावर आहे. वर मारुती, चावडी, शाळा, पाटलांची घरं. उतारावरून खाली नाल्याकाठी बौद्ध वस्ती, पन्नासेक घरांची, एक छोटं विहार आणि त्यावर निळा झेंडा. विहिरी दोन होत्या, वरची आणि खालची, दोन्ही कोरड्या ठाक. टँकर वर शाळेपाशी थांबतो. वरच्या बायकांचं भरून झालं की मग खालच्या बायका घागरी घेऊन चढ चढतात, आणि उरलं असेल ते नेतात. हे मला कुणी सांगितलं नाही. आम्ही पोचलो तेव्हा टँकर आलाच होता, मी डोळ्यांनी पाहिलं.

सरपंच माधवराव पन्नाशीचे, रापलेले, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी चहा दिला, थंड पाणी दिलं. मी प्यालो. मग रीतीप्रमाणे प्रश्न आला.

"साहेब कुठले?"

"मुदखेडचा."

"आडनाव काय म्हणलं?"

"सरकारी माणसाला कसलं आडनाव," मी हसून म्हणालो आणि उठलो. असं उठायची मला वीस-पंचवीस वर्षांची सवय आहे.

आमची मोजणी म्हणजे जमिनीत चार लोखंडी सळ्या ठोकायच्या, त्यांतून वीज सोडायची आणि खालचा खडक ती किती अडवतो हे यंत्रावर वाचायचं. अखंड काळा पाषाण फार अडवतो. भेगाळलेला, पाणी धरलेला मांजऱ्या खडक कमी अडवतो. सळ्या जसजशा लांब नेऊ तसतसं खोलातलं कळत जातं. यात अडचण एकच. सळीभोवतीची माती ओली असावी लागते, नाहीतर वीज जमिनीत शिरतच नाही. म्हणजे दुष्काळी गावात जाऊन आधी पाणी मागायचं आणि ते लोकांच्या डोळ्यांदेखत मातीत ओतायचं. परदेशातल्या व्याख्यानांत मी हे कधी सांगितलेलं नाही.

शाळेच्या मैदानावर मोजायला लागलो तेव्हा माधवरावांनी गोठ्यातून अर्धी बादली पाणी आणवलं. "गुरांच्या वाट्याचं हाय," ते म्हणाले, "बेतानं वापरा." आम्ही त्यात मीठ घालून चमच्यानं वापरलं. आकडे बरे आले. फार खोल नाही अशा जागी ओलाव्याचा एक पातळ थर दिसत होता. बोअर घेतली तर महिनाभर पाणी देईल, मग आटेल, असा.

मग खाली नाल्याच्या कोपऱ्यावर गेलो. सरपंचांची दोन माणसं बरोबर होती. बादली वरच संपली होती. एका घरासमोर साठीची एक बाई बसली होती, सोजरबाई नावाची. मी पाणी मागितलं.

"जमिनीला पाजायला?" तिनं विचारलं.

"हो. माती ओली असल्याशिवाय खालचं कळत नाही."

"पाजा मंग. ती बी तहानलेलीच हाय."

तिनं आतून घागर आणून ठेवली. त्या घरातली ती एकुलती एक भरलेली घागर होती. आम्ही सळ्या ठोकल्या, पाणी ओतलं, वाचायला लागलो. आणि अर्ध्या तासानं आकडे असे काही उतरत गेले की मी यंत्रावरची धूळ पुसून पुन्हा वाचलं. खोलात भेगाळलेला जाड थर होता, नाल्याच्या अंगानं लांबवर गेलेला. असा आकडा दहा गावांत एकदा मिळतो. मी तेस्फायेकडे पाहून मान हलवली. त्यानंही हलवली. सोजरबाई उंबऱ्यावरून पाहत होती.

मग तिनं घागरीत उरलेल्या पाण्यानं तांब्या भरून आणला. "आता तुमी बी घ्या."

तेस्फायेनं तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि घटाघटा प्यायला. माझ्यापुढं तांब्या आला तेव्हा मला सरपंचांची दोन माणसं दिसली. ती माझ्याकडेच बघत होती.

"नको," मी म्हणालो. "आत्ताच वर सरपंचांकडे प्यालो."

तिनं तांब्या परत नेला.

चावडीसमोर लिंबाखाली सगळं गाव जमलं होतं. खालचे लोक थोडे अंतर ठेवून, उन्हात. माधवरावांनी विचारलं, "काय म्हणती जमीन?" आणि त्याच वेळी मागून कुणीतरी, बहुधा सहजच, विचारलं, "साहेब मुदखेडचे न्हवं? आडनाव काय सांगितलं त्यांनी?"

मला वाटतं मी श्वास दोनदा घेतला असेल, तेवढाच वेळ गेला. तेवढ्या वेळात मी सगळं पाहिलं. मी खालची जागा सांगितली तर उद्या आडनाव निघणार. मग बोअर कोरडी गेली तर म्हणतील, जातीसाठी गावाचं भोक वाया घालवलं. पाणी लागलं तरी म्हणतील, आपल्यांना दिलं. खात्यात पत्र जाईल, माझी सगळी कारकीर्द त्या एका ओळीत मावेल. आणि मला समितीतला माझाच धडा आठवला, बोट दाखवता येऊ नये.

"शाळेचं मैदान," मी म्हणालो.

वरच्या लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आम्ही वर गेलो, चुन्यानं फुली मारली आणि मी माझ्या हातानं खुंटी ठोकली. तेस्फाये चारचौघांत काही बोलला नाही. खालचे लोक घरी गेले. सोजरबाई सगळ्यांत शेवटी उठली.

 परतीच्या वाटेवर जीपमध्ये गफूरभाई म्हणाले, "साहेब, नाल्याच्या कोपऱ्यात उंबर हिरवागार हुता. गावात दुसरं हिरवं पान न्हाई. आपुन ड्रायव्हर मानूस, आपल्याला काय अक्कल. दिसलं म्हून बोललो."

पुन्हा लातूर

दिवस मावळायच्या सुमारास लॉजच्या गच्चीवर तेस्फायेनं दोन्ही वह्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि माझ्याकडे चहाचा कप सरकवला.

"तुझी वही आणि माझी वही एकच सांगते," तो म्हणाला. "खुंटी वेगळं सांगते."

मी त्याला समजावलं. दोन्ही ठिकाणी ओलावा आहे. वरची जागा सोयीची आहे, गाडी सहज जाते. गाव मोठं, वस्ती लहान. मी बरंच बोललो. तो ऐकत राहिला. शेवटी मला राग आला, कारण तो खोडतही नव्हता. मग मी त्याला खरं सांगितलं, माझं आडनाव, त्याचा पत्ता, सगळं. "कुणाच्या बाजूला झुकायचं नाही, हे त्या समितीत आपण दोघंच लोकांना शिकवत होतो ना?" मी म्हणालो.

"तिथं तू कुणाच्याच बाजूचा नव्हतास, म्हणून मधे बसू शकलास," तो म्हणाला. "इथं तुला एक बाजू आहे. तू तिच्यातून उठलास आणि समोरच्या बाजूला जाऊन बसलास. याला मधे बसणं म्हणत नाहीत."

"तुला इथलं काय कळतंय?"

"आडनावाचं नाही कळत. भीतीचं कळतं." त्यानं स्वतःची वही मिटली. "माझ्याकडे लोक याच आकड्यांवर खणणार आहेत. माझी माणसं हातानं खणतात. इथं कमजोर जागा आपण चांगली म्हणून लिहिली, तर उद्या तिकडेही आकडे तसेच वाचतील आणि चुकीच्या जागी खणतील. मी सही करणार नाही."

चहा तसाच राहिला. मला त्याचा भयंकर राग आला होता, आणि तो खरं बोलतो आहे म्हणूनच आला होता. आक्काचा कारकून आठवला, ज्याला मी जीपमध्ये बसताना शिव्या दिल्या होत्या. मला तेव्हा खरोखर लाज वाटली. मी गफूरभाईंना निरोप दिला, उजाडताच निघायचं.

पुन्हा सावरवाडी

औशाच्या पुढं टायर बसलं. गफूरभाईंनी जॅक लावला, चार शिव्या हासडल्या, स्टेपनी काढली तर तिच्यातही हवा कमी. "सबर करा साहेब," ते म्हणाले. मी रस्त्यावर येरझाऱ्या घालत होतो. मला सारखं वाटत होतं, गाडी वेळेच्या आधी आली असेल, मशीन सुरू झालं असेल, मैदानात भोक पडलं असेल. आणि खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात असंही वाटत होतं, की पडलं असेल तर बरंच होईल.

पोचलो तेव्हा बोअरची गाडी माझ्या खुंटीवर उभी होती. नारळ फुटला होता. मिस्त्री कॉम्प्रेसर सुरू करणार, एवढ्यात मी हात वर केला.

"थांबा. ही जागा चुकीची आहे. बोअर खाली, नाल्याच्या कोपऱ्यावर घ्यायची."

गलका झाला. माधवराव पुढं आले. "कालचं शास्त्र येगळं अन् आजचं येगळं?"

"शास्त्र तेच आहे. काल आकडा खालचाच चांगला होता. मी खोटं सांगितलं."

"कुणी सांगाय लावलं?"

"कुणी नाही." मी वर केलेला हात खाली घेतला. "मी बौद्ध आहे. खालची जागा सांगितली तर तुम्ही म्हणाल, साहेबांनी आपल्या लोकांना बोअर दिली. त्याला मी भ्यालो."

चाळिशी उलटलेल्या माणसानं शाळेच्या मैदानात उभं राहून हे म्हणायचं, याची कल्पना करून पाहा.  मिस्त्री हातातला पाना उगाच पुसत होता. मग एक म्हातारा म्हणाला, "पाटील, आपल्या बाया खाली पान्याला जायच्या न्हाईत."

"बाया जातील न्हाई जातील ते मागून बघू," माधवराव म्हणाले. ते माझ्याकडेच बघत होते. "साहेब, माझी चार जनावरं दावणीला मेली. मला येवढंच सांगा, इथं किती दिस अन् तिथं किती दिस?"

"इथं लागलं तर महिनाभर. तिथं लागलं तर पुढचा पावसाळा गाठेल."

"अन् तिथं न्हाईच लागलं तर?"

"तर माझं आडनाव घेऊन खात्याला पत्र लिहा. मी सही करून देतो."

माधवरावांनी खाली नाल्याकडे पाहिलं. मग मिस्त्रीकडे वळून म्हणाले, "गाडी खाली घ्या."

उतारावरून गाडी न्यायला दोन तास गेले. मशीन सुरू झालं आणि नाल्याच्या कोपऱ्यातून पांढरी भुकटी उडायला लागली. साठ फूट, कोरडी. ऐंशी, कोरडी. शंभर फुटांवर काळा पाषाण लागला आणि आवाज बदलला. वरचे लोक वळणावर उभे होते, खालचे आपापल्या उंबऱ्यांवर. आता कुणी माझ्याकडे बघत नव्हतं, आणि तेच मला जड जात होतं. तेस्फाये भोकापाशी उकिडवा बसून दर पाच फुटांना भुकटी चिमटीत घेऊन चोळत होता. एकशे तीसला त्यानं चिमूट चोळली आणि हात तसाच वर धरून ठेवला. बोटांना चिखल लागला होता. पुढच्या पाच मिनिटांत मशीननं आधी गाळ फेकला, मग गढूळ पाणी, मग पुरुषभर उंच पाणी. तेस्फायेचा पांढरा सदरा छातीपासून गुडघ्यापर्यंत राखाडी झाला आणि तो तसाच बसून राहिला.

भोक धुवायला मशीन तासभर चालवतात. ते पाणी वाहून नाल्यात जाणार होतं. वस्तीतल्या बायका आधी धावल्या. मग माधवराव स्वतः दोन बादल्या घेऊन उतार उतरले आणि त्यांच्यामागून त्यांची बायको. ती घागर घेऊन कडेला थांबली, कुणीतरी ओतून देईल अशी वाट बघत. कुणी ओतलं नाही. सगळ्या आपापलं भरत होत्या. जरा वेळानं तिनं पदर खोचला आणि वाहत्या पाण्यात वाकली. वरच्या आणखी काही बायका आल्या. काही वळणावरच उभ्या राहिल्या आणि रिकाम्या घागरी घेऊन परत गेल्या. सगळं गाव एक झालं असं मी लिहिणार नाही. मी पाहिलं तेवढं सांगतो.

तेस्फायेनं जीपच्या बॉनेटवर वही ठेवून अहवालावर सही केली आणि पेन माझ्या हातात दिलं. मी सही करत होतो तेव्हा सोजरबाई तांब्या घेऊन आली. पाणी अजून गढूळच होतं.

"नवं पानी हाय," ती म्हणाली. "आज तर घ्याल?"

मी घेतलं. तांब्या रिकामा होईपर्यंत प्यालो. दातांत रेती आली. मी म्हणालो, "बाई, काल मी तुमचं पाणी घेतलं नाही. आणि वर शाळेत जे सांगितलं, ते तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. मी आपल्यातलाच आहे."

"त्यात काय सांगायचं," सोजरबाई तांब्या परत घेत म्हणाली. "इथं बघून मान हलिवली, अन् खुंटी तिकडं नेऊन ठोकली, तवाच मी वळखलं, ह्यो आपलाच मानूस हाय. परका असता तर येवढा भ्याला नसता."